कागदाची मागची बाजू

१८ नोव्हेंबर १९७०

आमोस, सलाम.

तुझं कार्ड मिळालं. चार ओळींचं. कार्ड उघडं असतं. पोस्टमननं ते वाटेत वाचलं, शेजारच्या राहीबाईला सांगितलं, आणि माझ्या हातात पडेपर्यंत निम्म्या गावाला ठाऊक झालं होतं की आमोसनं आपल्या आईला 'तू कारखान्याची माणूस आहेस' असं लिहिलंय. पुढच्या वेळी शिव्या द्यायच्या असतील तर पाकिटातून दे.

ऑगस्टात तू न सांगता मुंबईला गेलास, गिरणीच्या कबड्डी संघात. त्याचा मला राग नाही. एकोणिसाव्या वर्षी माणूस सांगून जात नाही. राग याचा आहे की मी कोणाच्या बाजूची ते तू तिथं बसून ठरवलंस. कारखान्याच्या कँटीनमध्ये मी भाकरी भाजते, म्हणून? त्या भाकरीवर तू सहा फूट झालास.

हो, राधाकृष्ण आले तेव्हा मी त्यांना चहा दिला. ते आता कारखान्याचे क्रीडा चिटणीस असतील, पण आधी सात वर्षं तुझ्या वडिलांच्या शेजारी कोपरा धरून खेळलेत. चहा देणारच. चहाची बातमी तुझ्यापर्यंत आली, पुढचं बोलणं आलं नाही, म्हणून लिहिते.

ते म्हणाले, "वहिनी, पोराला माघारी बोलवा. कारखान्याचा ना हरकत दाखला न्हाई तर मुंबईत त्याला मैदानात उतरता येनार न्हाई. संघटनेचा नियम हाय."

मी म्हटलं, "मग द्या की दाखला."

"पाच हंगामांचा करार हाय. दोन झाले."

"पाच संपतील तेव्हा तो बावीस-तेवीसचा होईल. तोवर त्याचे गुडघे कसे राहतील?"

ते हसले. "मुंबईत काय सोन्याची माती हाय? मैदान तेवढंच, गडी सातच."

"मीही तेच विचारते. मैदान तेवढंच, गडी सातच, मग तिथं पगार तिप्पट का?"

"तिथं बघनारे किती, पेपरवाले किती! आपल्याकडं पेपरवाला आला तर त्याचा निम्मा जीव परतीच्या एष्टीत असतो." मग कपबशी खाली ठेवून म्हणाले, "पन त्यात कारखान्याचा काय दोष?"

दोष कोणाचा ते मला अजून कळलेलं नाही. कळेल. मी त्यांना एवढंच सांगितलं की 'परत ये' असं मी तुला लिहिणार नाही. तसं लिहीतही नाही.

पंधरा जानेवारीच्या आत तुझं नाव नोंदलं गेलं नाही तर गिरणी तुला ठेवणार नाही, बदली कामगाराचं कामही जाईल, हे तुझ्या कार्डावरून समजलं. आणखी एक तू लिहिलंस, की करारावरची पालकाची सही खोटी आहे, राधाकृष्णांनी कोणाकडून तरी ठोकून घेतली, आणि तसं तू गिरणीच्या वकिलासमोर शपथेवर लिहून देणार आहेस. त्याची घाई करू नकोस. का ते पुढे लिहीन.

धनुर्वाताची सुई टोचून घेतलीस का? गिरणीच्या मैदानाशेजारी डॉक्टर पेटी घेऊन बसतो असं ऐकते. बसतो का?

तुझी आई
दया

३० नोव्हेंबर १९७०

आमोस, सलाम.

सुईचं उत्तर आलं नाही. कशाचंच आलं नाही.

शुक्रवारी राहीबाईची शेळी विकायला तिच्याबरोबर घोडेगावच्या बाजारात गेले होते. त्या जागेवर मी चार वर्षांत पाय ठेवला नव्हता, तुला माहीत आहे. राहीबाईच्या गुडघ्यांना एवढं चालणं एकटीनं होत नाही, आणि शेळीला राहीबाई आवडत नाही, म्हणून गेले.

जनावरांच्या बाजारासमोर पेंडीच्या दुकानाची लांब भिंत आहे ना, तिच्यावर तू आहेस. माणसाच्या दुप्पट उंचीचा. चढाईला निघालेला, हात पसरलेले, एक पाय उचललेला. शेजारी खिलारी बैल. वर अक्षरं: 'आमोसचा दम! तुमच्या बैलालाही हाच दम!' खाली 'महाबळ पेंड'.

मी वाचलं. मग पुन्हा वाचलं, कारण मला वाटलं माझंच चुकतंय. राहीबाईला वाचता येत नाही, तिला मी वाचून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दया, बैल लई झाक आलाय."

मागून एक म्हातारा म्हणाला, "पोरगं पेंड खातं व्हय गं? तरीच एवढा दम!" लोक हसले. मी वळून त्याला म्हटलं, "माझं पोर आहे ते. भाकरी खातं." तो वळून चालायला लागला. बाकीचे आणखी हसले.

दुकानात जाऊन विचारलं, कोणाला विचारून काढलंत? गल्ल्यावरचा म्हणाला, "कारखान्याला विचारून. शेटजींनी खेळ-फंडात देनगी दिली. अकरा गावच्या बाजारात भिंती घेतल्यात. आमोसनं ढाल मारल्यापासून नाव हाय की त्याचं!" तुला काय मिळालं असं विचारलं तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी बैलाला काय मिळालं असं विचारलं असतं तरी त्यानं तसंच बघितलं असतं.

मुंबईला पोचल्यावरच्या अगदी पहिल्या कार्डात तू लिहिलं होतंस, गिरणीच्या संघातल्या कोकणातल्या पोराचं चित्र केसांच्या तेलाच्या कॅलेंडरवर आलं आणि त्या पैशात त्यानं बहिणीचं लग्न केलं. तुझ्याहून त्याची चढाई चांगली आहे का? तू तसं लिहिलं नाहीस, म्हणजे नसणार. मी वाटेनं परत येताना विचार केला. मुंबईत बघायला येतात त्यांच्या खिशात कंगवा असतो, म्हणून तिथं खेळाडू तेल विकतो आणि तेलवाला त्याच्या दारात येतो. इथं बघायला येतात त्यांच्या हातात कासरा असतो. म्हणून इथं खेळाडू पेंड विकतो, आणि पेंडवाला त्याच्या दारात येत नाही, मालकाच्या दारात जातो. खेळाडूचा दम तोच. बाजार वेगळा. राधाकृष्ण म्हणतात त्यात कारखान्याचा दोष नाही. बाजार लहान आहे हा दोष नसेल. पण लहान बाजारात माणूस दावणीला बांधायचा आणि वर त्याचं तोंडही विकायचं, हा आहे.

चित्राबद्दल आणखी एक गोष्ट आहे. ती आज लिहीत नाही.

आई

७ डिसेंबर १९७०

आमोस,

तुझं पत्र आलं, पाकिटातून. अठरा तारखेला तू वकिलाकडे जाऊन शपथेवर सांगणार, की ती सही तुझ्या आईची नाही, कारण 'माझी आई न वाचता सही करणाऱ्यांतली नाही'.

हे वाक्य मी वाचलं आणि पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं. दोन दिवस तिथंच होतं.

सही माझी आहे.

तुझे वडील गेले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. लहानपणापासून गायनाच्या पुस्तकातली गाणी तोंडपाठ होती, पण पुस्तक उलटं धरलं तरी मला कळलं नसतं. मग दर रविवारी देवळात उपासनेला सगळे गायला लागले की मी शब्दाशब्दावर बोट ठेवत गेले. जे तोंडात तेच बोटाखाली. दीड वर्ष लागलं. त्यानंतर पुडीचा कागद, एष्टीची पाटी, खताच्या पोत्यावरचा मजकूर, काही सोडलं नाही. तू मला हसायचास, की आई भजी खायच्या आधी कागद वाचते.

जून अडुसष्टमध्ये कारखान्याच्या हॉलमध्ये सगळ्या पोरांच्या पालकांना बोलावलं. तू सतराचा होतास, म्हणून पालक हवा. टेबलाशी रांग होती. माझ्या पुढच्या सगळ्या बायांनी अंगठे दिले. माझा नंबर आला तेव्हा कारकुनानं न बघताच शाईचा पॅड पुढे सरकवला. मी तो मागे सरकवला आणि म्हटलं, "पेन द्या."

साहेब मंडळी बघायला लागली. मी खुर्ची मागितली, बसले, आणि 'दया शमुवेल' असं सावकाश, एकेक काना नीट देऊन लिहिलं. साहेब म्हणाले, "वा बाई!" कोणीतरी टाळी वाजवली. आमोस, मी जन्मात पहिल्यांदा चारचौघांत काहीतरी लिहिलं होतं. मला माझं नाव सोडून त्या कागदावर दुसरं काहीच दिसत नव्हतं. कागदाला मागची बाजू होती. मी उलटून पाहिलं नाही. पाच हंगाम मागच्या बाजूला होते.

अंगठा देणाऱ्या बनुबाईनं विचारलं होतं, "बाबा, मागं काय लिवलंय?" तिनं विचारलं! तिला वाचता येत नाही म्हणून तिनं विचारलं. मला येतं म्हणून मी विचारलं नाही.

तेव्हा तू वकिलासमोर जाऊन खोटी शपथ घेऊ नकोस. राधाकृष्णांना ते सिद्ध करायला एक दिवस लागेल, हॉलमध्ये साठ माणसं होती. मग तू दोन्हीकडून जाशील. तुला रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, हातात कारण आहे आता. पण मी डोळे पुसत बसलेली नाही. ज्या कागदावर माझी सही आहे तो मी अजून पुरता वाचलेला नाही, आणि तो मी वाचणार आहे. दोन्ही बाजूंनी.

आई

१२ डिसेंबर १९७०

आमोस,

काल पुन्हा घोडेगावला गेले. नाताळच्या रंगकामासाठी चुना भिजत घातला होता, त्यातला बादलीभर घेतला आणि घायपाताचा कुंचला. राहीबाई म्हणाली, "अगं बाजारात कोनाचं घर रंगवायला निघालीस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "थांब, चप्पल घालते."

बाजार भरात होता. भिंतीशी कानिफनाथ पेंटर शिडीवर चढून बैलाच्या शिंगांना पुन्हा रंग देत होता. मी म्हटलं, "उतरा, शिडी पाहिजे."

"कशाला?"

"हे पुसायचंय."

तो खरंच हबकला. "बाई, चार दिवस घातलेत! नाक बघा, असं नाक नगरात कोनाला काढता येत न्हाई. निदान नाकाला हात लावू नगा."

"कोणाचं नाक आहे हे?"

"आमोसचं. कबड्डीवाला."

"आमोसच्या डाव्या भुवईवर वण नाही," मी म्हटलं.

हीच ती गोष्ट, पहिल्यांदा भिंत पाहून आले तेव्हा लिहिली नव्हती. ते तोंड तुझं नाही. तुझ्या वडिलांचं आहे. डाव्या भुवईवरचा वण, मुडपलेला कान, आणि चढाईला निघताना ओठ एका बाजूला दाबायचे तो दाब, सगळं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा राहीबाई बैल बघत होती, ते बरं झालं.

कानिफनाथ म्हणाला, "मला कारखान्याच्या हापिसातनं फोटो दिला. ढाल मधी ठिवलेला. म्हनले, मधला गडी काढ." हापिसात दोन फोटो शेजारी टांगलेत, चौसष्टच्या संघाचा आणि गेल्या वर्षीचा. एकात मध्ये तुझे वडील बसलेत, दुसऱ्यात तू. भलताच उतरवून दिला. कोणाच्या लक्षातही आलं नाही. नाव आमोसचं, तोंड शमुवेलचं, आणि फायदा पेंडीचा.

आणि कुठं काढलं, तर त्या मैदानासमोर. तुला आठवत असेल, तू पंधराचा होतास. बाजार उठला की शेणमुताच्या त्याच जमिनीवर आखणी करायची आणि सामना लावायचा, कारण लोक तिथं आयते असतात. तिथंच तुझ्या वडिलांचा गुडघा फुटला. हळद दाबली. नवव्या दिवशी सकाळी मला हाक मारायला गेले तर जबडा उघडेना. नगरला नेईपर्यंत उशीर झाला होता. आपल्या घरात त्यांचा एकही फोटो नाही. होता तो एवढाच, कारखान्याच्या भिंतीवर.

मी शिडी चढले. आधी तुझं नाव पुसलं. मग 'दम' पुसला, मग पेंड. खाली माणसं जमली. रुमालाखाली बोटं धरून सौदे करणारे दलालसुद्धा बोटं सोडून बघायला लागले. कोणीतरी ओरडलं, "मावशे, बैलाला पन घे!" मी म्हटलं, "बैलाचं तुम्ही बघा, मी माझ्या माणसांचं बघते." राहीबाई शिडी धरून उभी होती. ती हसणाऱ्यांना काय काय म्हणाली ते इथं लिहिता येत नाही.

तोंड शेवटी घेतलं. ओला चुना झाकत नाही, आमोस. ओला असताना खालचं सगळं दिसत राहतं, थोडं पाण्यातून दिसल्यासारखं. वाळला की पांढरं होतं. मी वाळेपर्यंत थांबले नाही. बादली उचलली आणि निघाले.

पुढचा बाजार कुठला तेवढं दुकानात विचारून आले. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आई

२३ डिसेंबर १९७०

आमोस,

सध्या मला दिवसभर वेळ असतो. का ते विचारू नकोस. करंज्या वेळेवर झाल्या.

सोमवारी कारखान्याचा शिपाई बोलवायला आला. हापिसात राधाकृष्ण होते आणि पेंडवाले शेटजी. राधाकृष्ण इतके चिडले होते की वहिनी म्हणायचंही विसरले.

"हे काय चालवलंय? पोलिसात दिलं तर?"

"द्या," मी म्हटलं. "आधी मला करार दाखवा."

"करार कारखान्याचा हाय."

"सही माझी आहे."

कारकुनानं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. कागद आला. मला खुर्ची दिली ती मी घेतली नाही, मागच्या वेळी खुर्चीनंच घात केला होता. उभ्यानं वाचला. पुढची बाजू, मग मागची. शेटजी घड्याळ बघत होते. बघू दिलं. नऊ कलमं आहेत. कोणासाठी खेळायचं, कोणासाठी नाही, सराव, गणवेश, प्रवास, गैरहजेरी. सगळं पुन्हा वरून वाचलं. मग कागद टेबलावर ठेवला.

"यात त्याचा खेळ मी लिहून दिलाय," मी म्हटलं. "त्याचं तोंड कुठं लिहून दिलंय ते दाखवा."

राधाकृष्ण म्हणाले, "तोंड खेळाबरोबरच येतं की."

"मग हे कोणाचं तोंड आहे?" मी भिंतीकडे बोट केलं. गेल्या वर्षीचा फोटो तिथंच टांगलेला होता, शेजारी रिकामा खिळा होता. चौसष्टचा फोटो टेबलावर पडला होता, पेंटरकडून परत आलेला. मी तो उचलून त्यांच्यासमोर धरला. "अकरा गावांत तुम्ही हे तोंड काढलंत. या माणसानं तुम्हाला काय लिहून दिलं होतं?"

त्यांनी फोटो हातात घेतला. त्या फोटोत ते स्वतः आहेत, डाव्या टोकाला, उभे. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. माणूस खोटं बोलतो तेव्हा आधी बोलतो. त्यांनी आधी फोटोवरची धूळ पुसली.

मग हळू म्हणाले, "वहिनी, माझं बी ऐका. आमी पोरं तयार करायची, आनि पिकली की मुंबईनं तोडून न्यायची. आज आमोस, उद्या दुसरा. मग हितं खेळायचं कोनी? आमच्याकडं द्यायला काय हाय? करार सोडला तर संघच ऱ्हायचा न्हाई."

हे त्यांचं खोटं नाही, आमोस. तू मुंबईत बसून त्यांना चोर म्हणतोस, ते चोर नाहीत. लहान जागेचा माणूस आहे, हातात दोरीशिवाय काही नाही. पण मी म्हटलं, "शमुवेल इथंच राहिले. बांधायलाही लागलं नाही. चार वर्षं झाली, घोडेगावचं मैदान बदललंत का? शेण काढून नवी माती टाकलीत? सुई ठेवलीत? द्यायला हे तरी होतं."

शेटजी खाकरले. "राधाकृष्णजी, मला कबड्डीतलं काय कळत न्हाई. ही बाई बादली घिऊन अकरा बाजार फिरली तर लोक पेंड इकत घ्यायचं सोडून हिलाच बघत बसतील. घोडेगावला आत्ताच म्हनायला लागलेत, चुना लावनारी पेंड. मिटवा." मग माझ्याकडे वळून, "बोला बाई, काय देऊ?"

"तुमच्याकडून काही नको," मी म्हटलं. "यांच्याकडून दोन कागद पाहिजेत. एक दाखला आणि एक हा फोटो."

राधाकृष्ण म्हणाले, विचार करून सांगतो. मी म्हटलं, सावकाश करा, शुक्रवारपर्यंत माझा चुना भिजलेला आहे. मग आठवलं की या शुक्रवारी नाताळ आहे. "त्याच्या पुढच्या शुक्रवारपर्यंत," मी म्हटलं.

निघताना त्यांच्याकडूनच कळलं, गिरणीच्या माणसानं त्यांना फोनवर सांगितलं होतं, की अठरा तारखेला तू वकिलाकडे गेला नाहीस. तू मला कळवलं नाहीस, पण गेला नाहीस. एवढं पुरे आहे.

आई

३ जानेवारी १९७१

आमोस, सलाम.

सोबत दाखला आहे. सही आणि शिक्का दोन्ही बघून घेतलेत. मागची बाजू कोरी आहे, मी उजेडाला धरून पाहिली.

राधाकृष्ण स्वतः घेऊन आले, देवळातून मी परतले तेव्हा ओट्यावर बसले होते. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. चहा घेतला. म्हणाले, "वहिनी, शमुवेललाबी मुंबईचं बोलावनं आलतं. त्रेसष्ट साली. तुमास्नी म्हाईत हाय का?"

मला माहीत आहे. तुला माहीत नाही. त्यांनी मला विचारलं होतं, जाऊ का. मी म्हटलं, मुंबईत आपलं कोण आहे? एवढंच म्हटलं. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. ते इथं राहिले, कराराशिवाय, माझ्या एका वाक्यावर.

तू ऑगस्टात पिशवी भरत होतास तेव्हा मी चुलीपाशी पाठ करून बसले होते. तुला वाटलं मला कळलं नाही. समोरच्या घासलेल्या भांड्यात सगळं दिसत होतं. तू दोनदा दारापर्यंत गेलास आणि एकदा परत आलास. मी वळले असते तर काहीतरी बोलले असते. मी वळले नाही. मी कोणाच्या बाजूची ते तू ठरवून टाकलं होतंस, त्याचं हे उत्तर. उशिरा दिलं, कारण ते द्यायचं तर त्रेसष्ट सालापासून सुरू करावं लागत होतं.

राधाकृष्णांनी आणखी एक सांगितलं. कँटीनमध्ये परत यायला हरकत नाही असं वरून कळलंय. मी म्हटलं, विचार करून सांगते. शुक्रवारपर्यंत. ते हसले, भिंतीला चुना लागल्यापासून पहिल्यांदाच. जाताना दारात थांबून म्हणाले, घोडेगावला या हंगामाआधी माती टाकायचं बघतो. बघतात का ते मी बघेन.

भिंत पुन्हा रंगवली. आता नुसता बैल आहे, मोठा, मध्यभागी. राहीबाई म्हणते झाक आलाय. त्याच्या आईला कोणी विचारलं नसणार.

तुझ्याकडे तेलवाला येईल तेव्हा घे, लाजू नकोस. तोंड तुझं आहे. पण तुझ्या चित्राखाली कोणी काय लिहितंय ते आधी वाच, आणि ज्यावर सही करशील तो कागद उलटून बघ. टाळ्या वाजायला लागल्या तर दोनदा उलटून बघ.

फोटो भिंतीवर लावला. वण दिसतो.

हे पत्र रजिस्टर करते आहे. तू उत्तर दिलं नाहीस तरी पोस्टमन तुझ्यापुढे पोचपावतीचं कार्ड धरील आणि तुला सही करावीच लागेल. ती सही माझ्याकडे येईल. सही पाकीट उघडायच्या आधी होते, म्हणून हे पाकिटावर बाहेरूनही लिहिलंय: सुई टोचून घेतली असशील तर सहीखाली एक रेघ ओढ, पोस्टाच्या नियमात बसत नसली तरी ओढ.

आणि सही करायच्या आधी कार्ड उलटून बघ. मागे माझा पत्ता आहे.

तुझी आई
दया शमुवेल